विमा कंपनीच्या देण्याचा हिशेब : आपल्या मुलांना जमेल अशी विद्या

धुळ्यातल्या यंत्रमागाला किंवा जळगावातल्या चटई कारखान्याला आग लागली, की मालक विमा कंपनीकडे दावा करतो. सर्व्हेअर येतो, कागदपत्रे मागतो आणि रक्कम हाती पडायला काही महिने, कधी वर्षही लागते. ट्रकच्या अपघाताचे दावे तर न्यायाधिकरणात कित्येक वर्षे चालतात. मग 31 मार्चला वही बंद करताना कंपनी आपले देणे किती लिहिते? काही दावे आलेले असतात, पण चुकते झालेले नसतात. काही ठिकाणी नुकसान झालेले असते, पण कंपनीला त्याची खबरच नसते. या दोन्हींसाठी जी रक्कम बाजूला काढतात, तिला दाव्यांची राखीव तरतूद म्हणतात.

हा हिशेब व्यापारी बांधवांना वाटतो तितका परका नाही. लग्नसराईत खेड्यावरच्या दुकानदारांना उधारीवर कापड दिले, तर दिवाळीपर्यंत किती वसुली होते आणि पुढच्या साली किती, हे जुन्या खातेवह्या पाहून कोणताही अनुभवी मुनीम सांगेल. विमा कंपनी हेच उलट बाजूने करते. आपण येणे मोजतो, ती देणे मोजते.

उदाहरण घेऊ. समजा, 2021 मधील नुकसानीपोटी एका कंपनीने पहिल्या वर्षअखेर 40 लाख, दुसऱ्या वर्षअखेर एकूण 60 लाख आणि तिसऱ्या वर्षअखेर एकूण 66 लाख रुपये दिले व सर्व प्रकरणे मिटली. 2022 मधील नुकसानीचे आकडे 50 आणि 75 लाख. 2023 चा एकच आकडा, 60 लाख. हे ओळीखाली ओळ लिहिले की त्रिकोण तयार होतो. पहिल्या वर्षाचे 40 आणि 50 मिळून 90, त्यांचे दुसऱ्या वर्षी 135 झाले, म्हणजे दीडपट. पुढे 60 चे 66, म्हणजे 1.1 पट. या हिशेबाने 2022 चे एकूण देणे 82.5 लाख आणि 2023 चे 99 लाख होईल. दिलेली रक्कम वजा करता 7.5 आणि 39, मिळून 46.5 लाख रुपये राखून ठेवले पाहिजेत. या रीतीला चेन लॅडर म्हणतात.

कंपनीकडे असे असंख्य आकडे असतात, म्हणून हे काम संगणकावर होते. एक्सेलमध्येही ते करता येते. त्याहून समर्थ अशी ‘आर’ नावाची प्रणाली न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी तयार केली. ती विनामूल्य मिळते आणि तिच्यात चेन लॅडरचा तयार संचही आहे. अंदाज किती चुकू शकतो हे मोजण्याची रीत थॉमस मॅक यांनी 1993 मध्ये मांडली. तीही या संचात आहे.

मात्र यंत्र मागचेच पुढे चालवते. 2020 च्या टाळेबंदीत पाहणी आणि न्यायालये रखडली, तेव्हा कमी रक्कम दिली गेली म्हणून देणे कमी झाले असे मानणे चूक ठरले असते. तेथे माणसाचीच अक्कल लागते. म्हणूनच खबर न आलेल्या दाव्यांची तरतूद नियुक्त विमागणितज्ञाने, म्हणजे ॲक्चुअरीने, प्रमाणित करावी असा नियम आहे.

यात आपला संबंध काय? तरतूद कमी धरली तर आज नफा दिसतो, पण उद्या दावे देताना ओढाताण होते आणि हप्ते वाढतात. जास्त धरली तर आजच हप्ता महाग होतो. सरकारने 2019-20 ते 2021-22 या तीन वर्षांत नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या कंपन्यांत 17,450 कोटी रुपये भांडवल घातले. कंपनीची ताकद दाव्याच्या वेळीच कळते, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट रोजगाराची. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात या शास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडिया या संस्थेची प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते. पुढच्या परीक्षांत ‘आर’ आणि एक्सेलवर सोडवायचे पेपरही असतात. परीक्षा कठीण आहेत आणि पूर्ण व्हायला अनेक वर्षे लागतात, हे आधीच समजून घ्यावे. उर्दू माध्यमातल्या मुलामुलींना अडचण येते ती इंग्रजीची. गणित कोणत्याही भाषेत तेच असते.

तात्पर्य, दुकानदारांनी नुकसानीची खबर कंपनीला त्वरित द्यावी, साठ्याची नोंद आणि बिले जपावीत. आणि घरात आकड्यांची आवड असलेले मूल असेल, तर त्याला दहावीनंतरच गल्ल्यावर बसवू नये. वर दिलेला त्रिकोण त्याच्यापुढे ठेवावा आणि एकदा त्याच्याकडून सोडवून घ्यावा.