गोळीची निवड आणि नेमाची अचूकता : तोड्याच्या बंदुकीपासून अर्धस्वयंचलित रायफलीपर्यंत

प्रस्तावना : भोर-वेल्हे परिसरातील राजगड, तोरणा, रोहिडा या किल्ल्यांच्या अभ्यासात तटबंदी, पाण्याची टाकी व दारूकोठारे यांची सविस्तर नोंद घेतली जाते. त्या मानाने बंदुकीच्या गोळीचा विचार कमी होतो. वस्तुतः नेमाची अचूकता बंदुकीइतकीच गोळीवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या संबंधाचे विवेचन केले आहे.

तोड्याची बंदूक : या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. शिशाची गोल गोळी तोंडाकडून ठासावी लागत असल्याने ती नळीच्या व्यासापेक्षा किंचित लहान ठेवत. परिणामी गोळी नळीत आपटत पुढे सरके आणि तिची दिशा अखेरच्या आघातावर ठरे. गडाच्या अरुंद, चढणीच्या वाटांवर अंतर कमी असल्याने ही उणीव फारशी जाणवत नसावी. उघड्या मैदानात मात्र ती ठळक होई.

आट्यांची नळी : नळीतील सर्पिल आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते व स्थिर राहते. गोळी जितकी लांब, तितकी तिला अधिक फिरकी लागते. ५५ ग्रेन गोळीसाठी अमेरिकी एम-१६ रायफलीत १२ इंचांत एक फेरा पुरेसा होता. पुढे ६२ ग्रेनची लांब गोळी आल्यावर तो ७ इंचांवर आणावा लागला.

अर्धस्वयंचलित रायफल : १९६२ च्या युद्धात भारतीय जवानांच्या हाती प्रामुख्याने हाताने खटका ओढण्याची .३०३ रायफल होती. त्यानंतर ७.६२ मिमीची अर्धस्वयंचलित रायफल प्रचारात आली. अशा रायफलीत दारूच्या वायूचाच काही अंश यंत्रणा मागे ढकलून पुढचे काडतूस भरतो. त्यामुळे काडतुसाची लांबी मॅगझिनमध्ये मावणारी, गोळीचे टोक न चेपणारे आणि दारूचा दाब यंत्रणेस मानवणारा असावा लागतो. वेगातील सातत्यही तितकेच महत्त्वाचे. हवेचा रोध वगळून हिशेब केला, तरी सेकंदाला ८४० व ८२० मीटर वेगाच्या दोन गोळ्यांत ३०० मीटरवर सुमारे ३ सेंटीमीटर उभा फरक पडतो. म्हणूनच १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यासारख्या ठिकाणी एकसारखेपणा हाच गुणवत्तेचा निकष ठरतो.

निष्कर्ष : बंदूक व गोळी या एकाच रचनेच्या दोन बाजू होत. एक बदलून दुसरी तशीच ठेवल्यास त्याची किंमत जवानास मोजावी लागते. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनीही जुन्या बंदुकीची नोंद करताना केवळ लांबी व नक्षी न नोंदवता नळीचा आतील व्यास, तसेच सापडलेल्या गोळीचा व्यास व वजन नोंदवावे. त्याखेरीज त्या शस्त्राच्या सामर्थ्याविषयीचे विधान अपुरे राहील.