स्थानिक वलये आणि प्रक्षेपी मॉड्यूले: मुंबई-पुण्यातील चार दशकांचा मागोवा (1958 ते 2000)

कोणत्याही अभियांत्रिकी अभ्यासक्रमात जे रेषीय बीजगणित शिकवले जाते ते एका सोयीवर उभे असते: शून्याखेरीज कोणत्याही संख्येने भागता येते, म्हणून प्रत्येक सदिश अवकाशाला आधारसंच मिळतो. गुणकांसाठी वलय घेतले, म्हणजे जिथे बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार होतात पण भागाकाराची हमी नसते अशी रचना घेतली, की सदिश अवकाशाच्या जागी मॉड्यूल येते आणि ही खात्री नाहीशी होते. ज्याला आधारसंच असतो ते मुक्त मॉड्यूल, आणि दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलशी सरळ बेरीज केल्यावर जे मुक्त होते ते प्रक्षेपी मॉड्यूल. पूर्णांकांना -5 चे वर्गमूळ जोडून होणाऱ्या वलयात 2 आणि 1 अधिक ते वर्गमूळ यांनी निर्माण होणारे आयडियल प्रक्षेपी असते, पण मुक्त नसते. या दोन संकल्पनांमधील अंतर हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील बीजगणिताचा एक प्रमुख विषय ठरला.

हे अंतर जिथे उरतच नाही ते ठिकाण म्हणजे स्थानिक वलय. ज्या वलयात महत्तम आयडियल एकच असते, ते स्थानिक. उदाहरणार्थ, ज्यांचा छेद विषम आहे अशा अपूर्णांकांचे वलय. क्रुल यांनी 1938 मध्ये या वलयांची मिती-उपपत्ती मांडली. स्थानिक वलयांच्या सामर्थ्याचे मूळ नाकायामा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साहाय्यक प्रमेयात आहे: परिमित जनकांच्या मॉड्यूलला महत्तम आयडियलने छेदून उरणारा सदिश अवकाश पाहावा, त्याचा आधारसंच मूळ मॉड्यूलमध्ये उचलून आणावा, म्हणजे तेच मॉड्यूलचे किमान जनक ठरतात. मॉड्यूल प्रक्षेपी असेल तर या जनकांमध्ये कोणताही संबंध उरत नाही आणि ते मुक्त होते. काप्लान्स्की यांनी 1958 मध्ये परिमिततेची अटही काढून टाकली.

सेर यांनी 1955 मध्ये विचारले होते की क्षेत्रावरील बहुपदींच्या वलयावरचे परिमित जनकांचे प्रत्येक प्रक्षेपी मॉड्यूल मुक्त असते काय. दोन चलांसाठी होकारार्थी उत्तर 1958 मध्ये टाटा संस्थेतील सी. एस. शेषाद्री यांनी दिले. संपूर्ण उत्तरासाठी 1976 उजाडावे लागले. क्विलेन आणि सुसलिन यांनी ते स्वतंत्रपणे शोधले. क्विलेन यांच्या पद्धतीचे मर्म असे की वलयाच्या प्रत्येक महत्तम आयडियलपाशी स्थानिक पातळीवर जे सिद्ध होते ते सांधून संपूर्ण वलयावर नेता येते. हॉरॉक्स यांचे 1964 चे स्थानिक वलयांवरील प्रमेय त्याला तयार पाया म्हणून मिळाले. त्याच 1976 या वर्षी श्रीराम अभ्यंकर यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. परड्यू विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन करणाऱ्या अभ्यंकरांचे स्वतःचे आरंभीचे मोठे काम, 1956 मधले, स्थानिक वलये आणि मूल्यांकने यांच्याच आधारे बैजिक पृष्ठांच्या एकलता दूर करण्याचे होते.

क्विलेन यांच्या यशाची कीर्ती सर्वत्र पोहोचली, परंतु त्यांनी मागे ठेवलेल्या एका प्रश्नाचा मुंबईत लागलेला निकाल मराठी वाचकाने अधिक अभिमानाने लक्षात ठेवावा असा आहे. ज्याचे महत्तम आयडियल मितीइतक्याच घटकांनी निर्माण होते ते नियमित स्थानिक वलय. त्यातील एका प्राचलाला व्यस्त दिला की वलय एकमितीहून मोठे असल्यास स्थानिक राहत नाही आणि नाकायामांचा आधार सुटतो. तरीही नव्या वलयावरची प्रक्षेपी मॉड्यूले मुक्तच राहतात काय? क्षेत्रावरील बहुपदींच्या वलयांपासून येणाऱ्या भौमितिक वलयांसाठी एस. एम. भाटवडेकर आणि रवी राव यांनी 1983 मध्ये होकार सिद्ध केला. स्थानिकता गेल्यावरही तिची शिस्त शाबूत राहते, हे त्यांनी दाखवले; बहुपदींच्या दिशेचा संबंधित प्रश्न लिंडेल यांनी अशाच वलयांसाठी 1981 मध्ये सोडवला होता, मात्र सर्व नियमित वलयांसाठी तो अजून सुटलेला नाही.

पुढे भाटवडेकर आणि राजा श्रीधरन यांनी विरुद्ध बाजूने पाहिले. प्रक्षेपी मॉड्यूलची कोटी वलयाच्या मितीहून अधिक असेल तर त्यातून एक मुक्त घटक वेगळा काढता येतो, हे सेर यांनी दाखवले होते. कोटी आणि मिती समान असताना मात्र स्थानिक पातळीवर सर्व काही मुक्त असूनही असा घटक संपूर्ण वलयावर मिळेलच असे नाही. परिमेय संख्या ज्यात सामावल्या आहेत अशा नोएथरीय वलयासाठी, मिती किमान 2 आणि मॉड्यूलचा निश्चायक क्षुल्लक असताना, हा अडथळा त्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऑयलर वर्गगटात नेमका मोजला जातो: मॉड्यूलचा ऑयलर वर्ग शून्य असेल तेव्हाच, आणि तेव्हा नक्कीच, मुक्त घटक वेगळा होतो.