तीनचाकी मोटारगाडी, स्वनिर्मित

एक किंवा दोन माणसांना नेण्यासाठी स्वतः आराखडा करून लहान कर्मशाळेत बांधलेली हलकी, तीन चाकांची मोटारगाडी. मोटारसायकलीचे एंजिन, जुन्या मोटारगाडीचे सुटे भाग, पोलादी नळ्या आणि काचतंतू-प्रबलित प्लॅस्टिक एवढ्या सामग्रीतून ती तयार होऊ शकते. चालक चाक एकच ठेवल्यास विभेदी दंतचक्राची (वळणावर डाव्या-उजव्या चाकांना निरनिराळ्या गतीने फिरू देणाऱ्या योजनेची) गरज उरत नाही, वजन घटते आणि मागे निमुळते होत जाणारे, हवेला कमी रोध करणारे कवच सहज बसविता येते. इंधनाची बचत होते ती या कारणांनी. चाके तीन आहेत म्हणून नव्हे. उलटण्याचा धोका मात्र प्रत्यक्ष चाकांच्या संख्येशीच निगडित आहे. त्यामुळे अशा गाडीच्या अभिकल्पात गुरुत्वमध्य कोठे येतो हा पहिला प्रश्न असून एंजिनाची निवड त्यानंतर येते. पुष्कळसे हौशी रचनाकार हा क्रम उलटा धरतात.

इतिहास : कार्ल बेन्झ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी जिच्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला ती मोटारगाडी तीनचाकीच होती. वळणावर पुढील दोन चाके निरनिराळ्या कोनांत वळविण्याचा प्रश्न पुढे एकच चाक ठेवल्याने टळत होता. इंग्लंडमध्ये एच. एफ. एस. मॉर्गन यांनी १९०९ मध्ये माल्व्हर्न येथे पुढे दोन व मागे एक चाक असलेली गाडी मुळात स्वतःच्या वापरासाठी बांधली. तीत दोन सिलिंडरांचे प्यूजो एंजिन होते. तिचे व्यापारी उत्पादन पुढे १९५२ पर्यंत चालले. ब्रिटनमध्ये हलक्या तीनचाकी गाड्यांवर मोटारगाडीपेक्षा कमी कर असे, हेही तेथे या प्रकाराला मागणी राहण्याचे एक कारण होते. अमेरिकेत बकमिन्स्टर फुलर यांनी १९३३ मध्ये ‘डायमॅक्सिअन’ ही मोठी तीनचाकी गाडी तयार केली. तीत पुढील दोन चाके चालक होती व मागील एकुलते चाक वळत असे. त्याच वर्षी शिकागो येथील अपघातात तिचा चालक मृत्यू पावला. मागील चाकाने वळणारी गाडी जास्त वेगात ताब्यात ठेवणे कठीण जाते. म्हणून स्वनिर्मितीसाठी हा प्रकार निवडू नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत फ्रिट्‌स फेंड यांनी अपंगांसाठी तीनचाकी वाहने बनविण्यास प्रारंभ केला व त्यांतूनच मेसरश्मिट कंपनीची तीनचाकी गाडी पुढे आली. या मालिकेतील १९५५ च्या गाडीत १९१ घ. सेंमी. चे द्विधाव एंजिन होते आणि दोन माणसे एकामागे एक बसत. तिच्या गिअरपेटीत उलटा गिअर नव्हता. एंजिन थांबवून ते उलट्या दिशेने सुरू करीत, त्यामुळे सर्वच गिअर मागे जाण्यासाठी उपलब्ध होत! भारतात १९७० नंतरच्या दशकात बंगलोर येथे ‘बादल’ ही काचतंतू-प्रबलित प्लॅस्टिकचे कवच असलेली तीनचाकी गाडी निघाली, परंतु तिचा प्रसार झाला नाही. हौशी रचनाकारांना मार्गदर्शक ठरला तो अमेरिकेतील रॉबर्ट रायली यांचा ‘ट्राय-मॅग्नम’ हा आराखडा. फोक्सवॅगन बीटल गाडीचा पुढील आस-संच आणि पुढचे चाक काढलेली कावासाकी मोटारसायकल यांना चौकटीने जोडून त्यावर हलके कवच चढवावयाचे, ही त्यातील कल्पना आजही उपयुक्त आहे.

चाकांची मांडणी व स्थैर्य : तीन चाके जमिनीस जेथे टेकतात ते बिंदू जोडल्यास एक त्रिकोण होतो. गुरुत्वमध्यातून जाणारी परिणामी प्रेरणेची रेषा या त्रिकोणाबाहेर पडली की गाडी उलटू लागते. वळणावर ही रेषा बाहेरच्या बाजूस झुकते. गुरुत्वमध्य जोडचाकांच्या जवळ असेल, तर तेथे त्रिकोण रुंद असल्याने पुरेसा आधार मिळतो. एकुलत्या चाकाकडे तो सरकावा तसतसा आधार अरुंद होत जातो.

उदाहरणार्थ, जोडचाकांमधील अंतर १.३० मी., पुढील व मागील आसांमधील अंतर २.०० मी. आणि गुरुत्वमध्याची उंची ०.४५ मी. आहे असे समजू. एकुलत्या चाकापासून आसांतराच्या ७०% अंतरावर गुरुत्वमध्य असेल, तर तेथे त्रिकोणाची निम्मी रुंदी ०.६५ × ०.७० म्हणजे ०.४५५ मी. येते. तिला उंचीने भागल्यास १.०१ हे गुणोत्तर मिळते, म्हणजे गुरुत्वीय प्रवेगाएवढा पार्श्वीय प्रवेग झाल्यावाचून गाडी उलटणार नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर सामान्य टायरांची पकड सु. ०.८ असते, त्यामुळे अशी गाडी उलटण्यापूर्वी घसरेल. घसरणे धोक्याचे असले, तरी उलटण्यापेक्षा ते बरे. तोच गुरुत्वमध्य मध्यावर आणल्यास गुणोत्तर ०.७२ होते व गाडी घसरण्याआधी उलटते. याच मापांच्या चारचाकी गाडीचे गुणोत्तर १.४४ येते, हेही ध्यानात ठेवावयास हवे. या गणितात निलंबनामुळे (चाके व चौकट यांमधील स्प्रिंगांच्या योजनेमुळे) होणारी कवचाची कलती, टायरांची दबणूक आणि रस्त्यावरील खड्डे धरलेले नाहीत. प्रत्यक्षातील सीमा यापेक्षा कमीच असते.

वळणावर ब्रेक लावल्यास परिणामी रेषा पुढे व बाहेर अशी तिरकी जाते. पुढे एकच चाक असल्यास त्या दिशेला त्रिकोणाचे टोक असते आणि गाडी पुढच्या कोपऱ्यावर कलंडते. पुढे दोन चाके असल्यास त्याच दिशेला भक्कम आधार मिळतो. अमेरिकेत पुढे एक चाक असलेली सर्वभूमी वाहने अशा अपघातांमुळे कुप्रसिद्ध झाली व १९८८ मध्ये त्यांची विक्री थांबविण्यात आली. आपल्या परिचयाच्या ऑटोरिक्षाचीही मांडणी पुढे एक, मागे दोन अशीच आहे. थोड्या जागेत वळणे व मागे रुंद आसन या तिच्या गरजा त्याने भागतात आणि शहरातील वेगही कमी असतो. महामार्गावर जाणाऱ्या स्वनिर्मित गाडीने तिचे अनुकरण करणे इष्ट नाही.

गुरुत्वमध्याची जागा अंदाजाने धरू नये. प्रत्येक चाकाखाली काटा ठेवून माणसांसह व माणसांवाचून वजने घ्यावीत. उंची काढण्यासाठी स्प्रिंगा ठोकळ्यांनी पक्क्या करून मागची बाजू उचलावी व पुढील चाकांवर वाढलेला भार मोजावा. हा वाढीव भार आसांतराने गुणून, एकूण वजन व उचलीच्या कोनाची स्पर्शज्या यांच्या गुणाकाराने भागल्यास गुरुत्वमध्य चाकाच्या मध्यापेक्षा किती वर आहे ते कळते. ३०० किग्रॅ. वजनाची, वरील आसांतराची गाडी ६० सेंमी. उचलली आणि गुरुत्वमध्य चाकाच्या मध्यापेक्षा २२ सेंमी. वर असला, तर वाढीव भार जेमतेम १० किग्रॅ. भरतो. म्हणून काटे अर्ध्या किलोग्रॅमपर्यंत अचूक असावेत.

इंधनाचा हिशेब : गाडीचे भरलेले वजन ४५० किग्रॅ., टायरांचा रोध वजनाच्या १%, दर्शनी क्षेत्रफळ १.३ चौ. मी. व हवेच्या रोधाचा गुणांक ०.३० धरला, तर ताशी ६० किमी. वेगास टायरांचा रोध सु. ४४ न्यूटन व हवेचा सु. ६५ न्यूटन होतो. साखळी व गिअरपेटी यांतील व्यय धरून सु. २.१ किलोवॉट, म्हणजे तीन अश्वशक्तीही लागत नाहीत. एंजिनाची कार्यक्षमता २०% मानल्यास एका लिटर पेट्रोलमध्ये सु. ५० किमी. अंतर जाता येते. ताशी ९० किमी. वेगास हवेचा रोध सव्वादोन पट होतो व त्याच कार्यक्षमतेस हा आकडा सु. ३० वर येतो. कवचाचा आकार किती महत्त्वाचा आहे, हे यावरून दिसते. शेजारी-शेजारी आसनांऐवजी एकामागे एक आसने ठेवल्यास दर्शनी क्षेत्रफळ आणखी घटते. मात्र मागचा माणूस बसला की गुरुत्वमध्य मागे सरकतो, तो हिशेब पुन्हा करावा लागतो.

एवढ्या अल्प शक्तीसाठी मोठे एंजिन वापरल्यास ते सतत अंशभारावर चालते आणि त्याची कार्यक्षमता पुष्कळ खालावते. लहान एंजिन, उंच गिअर व मंद फेरे ही जोडी योग्य होय. स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या तंत्रशास्त्र संस्थेच्या ‘पॅक-कार २’ या हायड्रोजन इंधन-घटावर चालणाऱ्या तीनचाकी वाहनाने २००५ मध्ये एक लिटर पेट्रोलएवढ्या ऊर्जेत ५,३८५ किमी. असा विक्रम केला. परंतु ते स्पर्धेसाठी बांधलेले, चालकाने आडवे पडून मंद वेगाने चालवावयाचे वाहन होते. रस्त्यावरील गाडीशी त्याची तुलना करता येत नाही.

बांधणी : प्रथम खऱ्या मापाचा आराखडा जमिनीवर खडूने काढून त्यावर आसने व प्लायवुडचा कच्चा सांगाडा मांडावा. पाय, डोके व सुकाणू यांना लागणारी जागा कागदावर नेहमी कमी धरली जाते. चौकट चौरस पोलादी नळ्यांची व त्रिकोणी आधारांनी बांधलेली असावी. मोटारसायकलीचा मागील झुलता दांडा, साखळी व चाक जसेच्या तसे घेतल्यास साखळी सरळ रेषेत राहण्याचा किचकट प्रश्न सुटतो. पुढील चाकांच्या वळण-भुजांच्या रेषा मागील आसाच्या मध्यापाशी मिळाव्यात, म्हणजे वळणावर टायर घासत नाहीत. मोटारसायकलीचा टायर कलून वळण्यासाठी गोलसर केलेला असतो; येथे तो सरळ उभा राहून पार्श्वीय भार झेलतो, म्हणून मागे सपाट पृष्ठाचा टायर अधिक चांगला. शिवाय ते चाक रस्त्याच्या मधल्या, तेल सांडलेल्या पट्ट्यावरून धावते व दोन चाकांनी चुकविलेला खड्डा त्याला चुकत नाही. पुढे चकती-ब्रेक आणि द्रवाचे दोन स्वतंत्र मार्ग असावेत. पेट्रोलची टाकी चौकटीच्या आत ठेवावी. कवचासाठी फेसप्लॅस्टिकच्या फळ्या कापून, घडवून त्यांवर काचतंतूंचे थर रेझिनाने चढवितात.

चाचणी व कायदा : पहिल्या चाचण्या मोकळ्या मैदानावर कराव्यात. प्रारंभी चालकाच्या वजनाएवढ्या वाळूच्या पिशव्या बांधून गाडी आडवी कलवावी व कोणत्या कोनास आतले चाक उचलले जाते ते पाहावे. वर काढलेल्या गुणोत्तराशी या कोनाची स्पर्शज्या जुळली पाहिजे. त्यानंतर जोडचाकांच्या बाहेर आधाराच्या लहान चाकांचे दांडे लावून वर्तुळात वेग हळूहळू वाढवावा.

अमेरिकेत तीनचाकी वाहन केंद्रीय व्याख्येनुसार मोटारसायकलींत मोडते, त्यामुळे मोटारगाडीचे अनेक सुरक्षा-निकष त्याला लागू होत नाहीत. ब्रिटनमध्ये एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी करून मान्यता देण्याची सोय आहे. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२६ प्रमाणे निर्मात्यास वाहनाचा आदिनमुना पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. हा खर्च एका गाडीसाठी परवडणारा नसल्याने येथील स्वनिर्मित गाड्या बहुधा खाजगी आवारात व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्पर्धांतच चालतात. नोंदणीवाचून त्या सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाहीत.