एकटे राहणे आणि एकाकी असणे

युरोपात म्हातारपण कोठे सुखाचे, असे विचारले की आपल्या डोळ्यांसमोर इटली किंवा स्पेन येते. चौकात गप्पा मारणारे आजोबा, रविवारी एकत्र जेवणाऱ्या तीन पिढ्या. स्वीडन-डेन्मार्क म्हटले की आठवतो लांबलचक हिवाळा आणि बंद दारामागचे एकटेपण.

पाहण्यांतून चित्र उलटे दिसते. २००४ पासून चालू असलेल्या ‘शेअर’ या पाहणीत अनेक देशांतील पन्नाशी उलटलेल्यांना काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले जातात. आपल्या दिनक्रमावर आपला ताबा आहे का, निर्णयाची मोकळीक आहे का, मनाजोगते काही करता येते का, जगण्यात गोडी वाटते का? या कसोट्यांवर डेन्मार्क, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड वर राहतात. इटली, ग्रीस मागे पडतात. एकाकीपणाची तक्रारही, मुलांसोबत राहण्याची रीत अधिक असलेल्या दक्षिण आणि पूर्व युरोपातच जास्त आढळते.

थोडी सावधगिरी हवी. स्वतःची प्रकृती सांगताना डेन्मार्क-स्वीडनचे लोक हात सैल सोडतात, जर्मन माणूस आखडता घेतो, हे याच पाहणीच्या अभ्यासातून दिसले आहे. शिवाय सरासरी आयुर्मान डेन्मार्कपेक्षा इटलीतच अधिक आहे.

तरीही फरक उरतोच. डेन्मार्कमध्ये कायमची गरज असलेल्या वृद्धाला नगरपालिका घरी विनामूल्य मदतनीस पाठवते. १९८७ च्या कायद्याने जुन्या पद्धतीचे वृद्धाश्रम बांधणे थांबवले आणि त्यांऐवजी स्वतंत्र दार असलेली छोटी घरे उभारली जाऊ लागली. त्यामुळे लेक येते ती आईला आंघोळ घालायला नव्हे, तर तिच्याशी बोलायला. इटलीत हा भार लेकीसुनांवर, नाहीतर परदेशातून आलेल्या ‘बादांते’वर, म्हणजे घरी राहून शुश्रूषा करणाऱ्या बाईवर पडतो. आणि मुलांनी सांभाळायचेच, असे जेथे गृहीत धरलेले असते, तेथे रिकामी खुर्ची अधिक बोचत असावी. ‘मुलगा जवळ आहे ना?’ एवढ्यावर विचारपूस संपवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ओळखीचे वाटेल.

मात्र नुसते एकटे राहणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते आणि कित्येक घरात एकटेच होते. त्यानंतर तेथील नगरपालिका अशा वृद्धांची नोंदवही ठेवू लागल्या. उन्हाळा भडकला की त्यातील प्रत्येकाची चौकशी केली जाते. त्या वहीत नाव नोंदवणे मात्र ऐच्छिक आहे.