मजल दरमजल

सुखाची सांगड आपण बहुधा मुक्कामाशी घालतो. पदवी मिळाली की, नोकरी लागली की, घर झाले की मग समाधान. पंढरीची आषाढी वारी मात्र निराळ्याच पायावर उभी आहे.

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे मोटारीने काही तासांचे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला तेवढ्यासाठी जवळजवळ तीन आठवडे लागतात. या सोहळ्यातील मानाचे अश्व आपल्या बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून, शितोळे सरकारांकडून येतात आणि आळंदीपर्यंतही पायीच जातात. वारी सुरू होण्यापूर्वीच त्यांची एक वारी झालेली असते!

या वाटचालीत एकेक दिवस पुरता भरलेला असतो. प्रत्येक दिंडीची जागा रथाच्या पुढे किंवा मागे ठरलेली असते. पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाट चढावा लागतो. ती मजल सर्वांत लांबची. पुढे रिंगणात स्वाराविना अश्व धावतो आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळी लावतात. संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग तिचे ऐकून घेतले जाते. हरवलेल्या वस्तूंची दवंडीही तेथेच होते. दिवसाचे गाऱ्हाणे दिवशीच मिटवण्याची ही पद्धत मला फार आवडते. पाऊस, चिखल, पायांचे फोड हे सर्व असतेच. दि. बा. मोकाशी १९६१ साली पालखीबरोबर चालले होते. त्यांचे 'पालखी' हे पुस्तक आपण अवश्य वाचावे.

आणि पंढरपुरात पोहोचल्यावर? दर्शनाच्या रांगेत तासन् तास जातात, मूर्तीपुढे मात्र काही क्षणच मिळतात. कित्येक वारकरी चंद्रभागेत स्नान करतात, कळसाला हात जोडतात आणि तृप्त मनाने परततात. पौर्णिमेला गोपाळकाला झाला की पालखी पुन्हा आळंदीच्या वाटेला लागते. या परतवारीत गर्दी नसते, म्हणून तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही.

मुक्काम नकोच, असा याचा अर्थ नव्हे. विठोबा नसता तर एवढे लोक चाललेच नसते. पण सगळे समाधान त्या काही क्षणांवर सोपवलेले नाही, हे महत्त्वाचे.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तरी हे समजायला जड जाऊ नये. धंदा पुढे चालूच राहणार, असे गृहीत धरून हिशेब मांडतात. 'गोइंग कन्सर्न' म्हणतात ते हेच. ३१ मार्चला जी खाती तयार होतात त्यांना आपण 'अंतिम' म्हणतो खरे, पण त्यांतील अखेरची शिल्लक लगेच १ एप्रिलची आरंभीची शिल्लक बनते. खरोखरची शेवटची बेरीज होते ती धंदा गुंडाळताना. दुकान कायमचे बंद होईल त्या दिवशीच नफा पाहू, असे म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला कोणी शहाणा म्हणणार नाही. परीक्षा, निकाल, मुलाखत अशी पुढची तारीख धरून आपण मात्र तीन-तीन वर्षे अशीच काढतो. ग्रंथालयातली दुपार, कँटीनमधला वाद, आवडलेले एखादे व्याख्यान यांची नोंद कोणत्याच खात्यावर होत नाही.

२०२० साली महासाथीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस.टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. परंपरा खंडित झाली नाही, पादुका वेळेवर पोहोचल्या. तरीही वर्षानुवर्षे चालणारी माणसे त्या आषाढात घरी बसून हळहळत होती. २०२१ सालीही पादुका बसनेच गेल्या. २०२२ साली पालखी पुन्हा पायी निघाली, तेव्हा दिवेघाट माणसांनी भरून गेला होता.