साथीच्या दिवसांत तान्हे बाळ आजारी पडले तर

कोणतीही मोठी साथ आली की दवाखान्याची पायरी चढायला माणूस घाबरतो. मोठ्यांचे एक वेळ निभावते, तान्ह्या बाळाचे निभावत नाही. मार्च २०२० मध्ये इटलीत कोरोनाची साथ भरात होती. तेव्हा तेथील पाच रुग्णालयांच्या डॉक्टरांनी एकाच आठवड्यात उशिरा आलेल्या बारा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. संसर्गाच्या भीतीने पालकांनी त्यांना वेळेवर आणले नव्हते. त्यांतील सहा मुलांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले व चार दगावली.

आपल्याकडे त्याच महिन्यात टाळेबंदी लागली, एस.टी. आणि रिक्षा बंद झाल्या. त्यात 'तपासणीत पॉझिटिव्ह निघालो तर बाळाला आईपासून तोडतील' ही धास्ती. वास्तविक कोरोनाने बहुतेक बाळांना सौम्यच आजार झाला. मात्र न्यूमोनिया, जंतुदोष, जुलाब हे बाळांचे जुने शत्रू साथ आहे म्हणून रजेवर जात नाहीत.

तेव्हा घरच्यांना धोक्याच्या खुणा ठाऊक हव्यात. दोन महिन्यांच्या आतील बाळ अंगावर पिणे सोडते किंवा नीट ओढत नाही, ही सर्वांत महत्त्वाची खूण. आजीच्या नजरेला ती आधी कळते, तिचे ऐकावे. बाळ मलूल पडून हलवल्याशिवाय हालचाल करीत नसेल, झटके येत असतील, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नये. काखेतील ताप ९९.५ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला तर धोका आहेच, पण अंग गार पडणे हेही तितकेच वाईट. ते मात्र बरेच जण मनावर घेत नाहीत.

श्वास मोजणे अवघड नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने निरक्षर दायांनाही ते शिकवले. बाळ शांत असताना, रडत नसताना, पोटाकडे पाहून घड्याळाचे पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात पन्नास किंवा अधिक श्वास भरले तर ती धाप समजावी. लहान बाळात साठच्या वर आकडा आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी.

१०८ क्रमांकाला फोन करावा, रुग्णवाहिका मोफत असते. बाळाचे वय आणि दिसणारी खूण आधी सांगावी. ती येईपर्यंत व वाटेतही बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यावे, डोक्याला टोपडे घालावे. पीत असेल तर पाजत राहावे. झटका आला असता कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये. कांदा हुंगवणे, पोटाला चटके देणे, ब्रँडीचे थेंब पाजणे हे प्रकार सपशेल बंद करावेत. साथीत आणखी दोन चुकांची भर पडली. एक, बाळाच्या तोंडाला मास्क बांधणे, त्याने जीव गुदमरतो. दुसरी, वाफ देणे, त्याने भाजते.

आईलाच कोरोना असला तरी तिने दूध तोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० सालीच तसे सांगितले होते. आईने मास्क लावावा, साबणाने हात धुवावेत आणि पाजावे.

रुग्णालयात सोबत एकच माणूस न्यावा, बाकीच्यांनी घरी थांबावे. लसीकरणाचे कार्ड, आधी दिलेल्या औषधांच्या बाटल्या आणि दोन-तीन कोरडी दुपटी बरोबर घ्यावीत. दारावरच 'बाळ दूध पीत नाही' किंवा 'झटके आले' असे स्पष्ट सांगावे, म्हणजे तापाच्या रांगेत उभे न करता थेट बालरोग विभागात पाठवतील. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत आजारी नवजात बालकांसाठी वेगळा कक्ष असतो. बाळ अठ्ठावीस दिवसांच्या आतले असेल तर त्या कक्षाचीच चौकशी करावी.