बिदरी हुक्कापात्राची निगा

बिदरी हुक्कापात्र : हुक्क्याच्या तळाशी पाणी भरण्यासाठी असलेले, चांदीच्या जडावाने नटविलेले धातूचे पात्र. बीदर (कर्नाटक) हे या कलेचे मूळ केंद्र असून औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथेही ती रुजली. सतराव्या-अठराव्या शतकांतील अनेक उत्तम बिदरी वस्तू हुक्कापात्रेच आहेत. जस्तात अल्प तांबे मिसळून पात्र ओततात. जडावानंतर बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या मिश्रणाने मिश्रधातू काळा होतो. चांदी मात्र शुभ्र राहते. या विरोधावरच नक्षीचा उठाव अवलंबून असतो.

हा काळा थर अत्यंत पातळ असतो. त्यामुळे तांब्यापितळेच्या भांड्यांप्रमाणे चिंच, लिंबू वा राख लावून पात्र घासणे घातक ठरते : आम्लामुळे जस्त झिजते व घासण्याने काळा थर निघून जातो. तो पुन्हा चढविण्यास कुशल कारागीरच लागतो. पाणी साचून राहिल्यास जस्तावर पांढरा गंज धरतो. म्हणून वापरानंतर पात्र रिकामे करून आतबाहेर कोरडे करावे. बाहेरून मऊ सुती कापडाने पुसून तेलाचा हलका हात द्यावा. त्याने काळा रंग खुलतो व दमटपणापासून संरक्षण मिळते.